उलट्या दिशेचा बाण

माझ्यावरचा आरोप अगदी साधा होता. मी कॉम्प्युटरमध्ये चुकीचं भरते.

सचिन नावाच्या गावातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस मिलमध्ये मी तेव्हा कामाला होते. तिथे कोरं कापड यायचं आणि रंगवून, वाळवून, घड्या घालून बाहेर पडायचं. कोऱ्या कापडाला सगळे ग्रे म्हणत. व्यापारी आपलं ग्रे पाठवायचा, सोबत हव्या त्या रंगाचा तुकडा जोडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून फोन करून विचारायचा, माझा माल कुठवर आला? या एका प्रश्नाचं उत्तर पटकन देता यावं म्हणून शेठनी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला मला ठेवलं होतं.

त्या दिवशी शहरातल्या पर्वत पाटिया भागातला एक व्यापारी स्वतः टेम्पो घेऊन आला. मोरपंखी रंगाच्या साड्यांचे त्याचे तीस ताके, म्हणजे कापडाचे तागे, घडी खात्यात तयार आहेत, असं आम्हीच त्याला फोनवर सांगितलं होतं. घडी खात्यात फक्त बारा होते. उरलेले अठरा कापड ताणून वाळवायच्या मशीनवर, म्हणजे स्टेंटरवर, नव्हते. तासभर शोधल्यावर रंगाई खात्यात ट्रॉलीवर ओलेचिंब सापडले. व्यापाऱ्याचा टेम्पो रिकामा गेला. जाताना तो मॅनेजरना जे बोलला ते मॅनेजरनी जिना चढून माझ्यापर्यंत आणलं.

"बेन, लखी आपो," ते गुजरातीत म्हणाले. म्हणजे ताई, लिहून द्या.

"काय लिहून देऊ?"

"भरताना चूक झाली म्हणून."

मी त्या लॉटची स्लिप काढून त्यांच्यासमोर ठेवली. लॉट नंबर, 'रंगाई पूर्ण' या शब्दांपुढे बरोबरची खूण, खाली सही. मी तेच भरलं होतं. त्यांनी स्लिप उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"तरीपण लिहून द्या. शेठना काहीतरी सांगावं लागतं ना."

"मग खरं ते सांगा, साहेब. चूक माझी नाही. मी लिहून देणार नाही."

हे मी शांत आवाजात बोलले. मी बावीस वर्षांची होते. आम्ही मूळ धुळ्याकडचे. वडील उधन्यातल्या दुसऱ्या एका मिलमध्ये रंगाईच्या मशीनवर होते आणि त्यांच्या नखांतला रंग दिवाळीच्या उटण्यानेही कधी निघाला नाही. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. ती खुर्ची जाईल याची भीती होती. पण आज एक कागद लिहून दिला तर उद्या दुसरा मागतील आणि महिन्याभरात माझ्याच सहीच्या कागदांची थप्पी दाखवून मला घरी पाठवतील, एवढं कळण्याइतकी अक्कलही होती.

कामाची पद्धत अशी होती. लॉट आला की त्याचं कार्ड बनायचं. कार्ड कापडाबरोबर खात्याखात्यांतून फिरायचं आणि प्रत्येक खातं आपलं काम झालं की एक स्लिप वर पाठवायचं. मी स्लिपा भरायचे. हा सगळा प्रवास एका चित्रात काढलेला होता आणि ते चित्र काचेच्या फ्रेममध्ये शेठच्या केबिनमध्ये टांगलेलं होतं. डावीकडून उजवीकडे सात चौकटी: ग्रे गोदाम, धुलाई, रंगाई, छपाई, स्टेंटर, घडी, रवानगी. मधे सरळ बाण. ज्यांच्याकडून प्रोग्राम घेतला होता त्या शहरातल्या साहेबांनी ते काढलं होतं. मॅनेजरच्या केबिनमध्ये दोन दिवस बसून. ते एकदाही खाली, खात्यांत उतरले नव्हते. त्यांचे बूट भिजले असते.

ते चित्र मी रोज पाहायचे आणि रोज काहीतरी खटकायचं. उधन्यात एका दुकानाच्या माळ्यावरच्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स केला होता. तिथले सर मशीनपेक्षा कागदावर जास्त काम करून घ्यायचे. ते म्हणायचे, कुठल्याही धंद्यात माहिती कशी फिरते ते आधी चित्रात काढा. काम दाखवायला गोल, माहिती जाते तिथे बाण, कागद साठतो तिथे दोन रेघा. आणि जे चालतं तेच काढा, जे चालायला हवं ते दुसऱ्या कागदावर. एकदा त्यांनी रेशनच्या दुकानाचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी पुस्तकातल्यासारखं काढलं. मी मागच्या दाराने बाहेर जाणाऱ्या रॉकेलचाही बाण काढला. सर खूप हसले आणि मला पैकीच्या पैकी गुण दिले.

मॅनेजरना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, मला खाली जाऊन एका लॉटच्या मागे फिरायचं आहे.

"ऑफिसच्या बेन खाली जात नाहीत," ते म्हणाले.

"खालून आलेलं चुकीचं भरलं म्हणून बोलणी मात्र खातात."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि अडवलंही नाही. मी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून, ओढणी कमरेला बांधून जिना उतरले.

खाली पहिल्या पाच मिनिटांत घामाने कपडे अंगाला चिकटले. पायाखाली रंगीत पाणी, वर वाफ आणि मशीनचा आवाज इतका की माणसं हातांनीच बोलत. मी एक जांभळा लॉट धरला. तीस ताके. दोन दिवस, मिळेल त्या वेळात, मी त्या तीस ताक्यांच्या मागे होते.

पहिल्याच दुपारी मोरपंखी लॉटचं कोडं सुटलं. रंगाईच्या मशीनमध्ये एका वेळी बारा ताके मावायचे. तीस ताके म्हणजे तीन खेपा. पण कार्ड एक, स्लिप एक आणि स्लिपवर खूण करायची जागाही एकच. मशीनवरचा माणूस पहिली खेप निघाली की खूण करून मोकळा व्हायचा, कारण पाळी संपताना स्लिप वर गेली नाही तर त्याला बोलणी बसत. वर मी भरायचे, रंगाई पूर्ण. खाली अठरा ताके कोरेच पडलेले. आणि तोपर्यंत पुढच्या खात्यांतही तेच चाललेलं असे, पहिले बारा ताके वाळले की तिथलीही स्लिप वर.

घरी आई अनारसे तळायची तेव्हा म्हणायची, एक घाणा झाला, दोन राहिले. तळण संपलं असं ती पहिल्या घाण्यानंतर कधीच म्हणाली नाही. लाखोंचं कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये लॉट आणि घाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र मला एकटीला कळली नसती. ती आबांनी दाखवली.

आबा म्हणजे ताक्यांची टोकं एकमेकांना शिवून लांब पट्टा करणारे म्हातारे कामगार. सगळी मिल त्यांना आबा म्हणायची. मी त्यांच्या मशीनजवळ वही घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोठली शे वं तू?" त्यांनी विचारलं.

मी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि अहिराणीतच उत्तर दिलं. त्यांनी पायाने एक बाकडं माझ्याकडे सरकवलं.

आबांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक ताक्याच्या टोकावर ते शाईच्या पेनने आपली खूण करत. एक ठिपका म्हणजे पहिला घाणा, दोन म्हणजे दुसरा, तीन म्हणजे तिसरा. काही टोकांवर ठिपक्यांशेजारी एक आकडा होता, गळासारखा वळलेला.

"हे काय, आबा?"

"परत येल."

"परत कुठून?"

त्यांनी मानेने रंगाई मास्टरच्या खोलीकडे दाखवलं. शेड जुळली नाही की मास्टर कापड परत मशीनमध्ये पाठवतात, पुन्हा रंग देतात. कधी एकदा, कधी दोनदा. मी विचारलं, त्याची स्लिप कोण करतं? आबा हसले.

"कागद परत येत नही, पोरी. कपडा येस. रोज येस."

मी वरच्या फ्रेममधल्या सरळ बाणांचा विचार केला. त्या चित्रात कापड कधीच मागे जात नव्हतं. कॉम्प्युटरमध्येही मागे न्यायची सोय नव्हती. रंगाई पूर्ण असं एकदा भरलं की लॉट पुढेच सरकायचा. म्हणजे खाली माणसं तोच ताका दुसऱ्यांदा रंगवत होती आणि वर मी व्यापाऱ्याला सांगत होते, तुमचा माल वाळतोय.

मी चित्र काढायला घेतलं. प्रिंटरच्या रद्दी कागदाची लांब पट्टी होती, तिच्या कोऱ्या बाजूवर. मी काढलेल्या चित्रात सातच्या जागी अकरा गोल आले. रंगाईपाशी मी लॉटला तीन घाण्यांत फोडलं. आणि मास्टरच्या खोलीतून मशीनकडे मागे जाणारा एक बाण लाल पेन्सिलीने काढला. तो इतर बाणांना ओलांडून उलट्या दिशेने जात होता, त्यामुळे आधी नजर तिथेच जायची. दुसऱ्या कागदावर, काय हवं ते: लॉटचं कार्ड वेगळं, प्रत्येक घाण्याचं कार्ड वेगळं आणि परत जाणाऱ्या घाण्याची स्वतःची स्लिप. सोबत एक वहीही सुरू केली. रोज सकाळी खाली जाऊन आबांच्या खुणा बघायच्या आणि कुठला लॉट खरोखर कुठे आहे ते लिहायचं.

लाल बाणाची बातमी मास्टरपर्यंत दोन दिवसांत पोचली. ते स्वतः जिना चढून आले, ही मोठी गोष्ट होती. मिलमध्ये शेठच्या खालोखाल त्यांचा मान. नुसत्या नजरेने ते सांगत की या निळ्यात किती लाल कमी आहे, आणि ते बरोबर निघे. त्यांनी कागद टेबलावर पसरून शांतपणे पाहिला.

"बेटी, बाकी सब ठीक है," ते म्हणाले. "ये लाल वाला हटा दो."

"का, मास्टरजी? कापड परत जातं ना?"

"जातं. पाणी बदलतं, ग्रे खराब येतं, रंगाची बॅच वेगळी निघते. शंभर कारणं आहेत. पण शेठ ती शंभर कारणं वाचणार नाहीत. ते हा एक बाण बघतील आणि म्हणतील, मास्टरला शेड जमत नाही."

"तर मी ती कारणंही चित्रात घालते."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्याकडे दिली. "तुझे वडील उधन्यात रंगाईला आहेत ना? तिथले मास्टर माझ्या ओळखीचे आहेत." एवढंच बोलले आणि गेले.

धमकी होती की नुसती ओळख, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. संध्याकाळी घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. लपवून ठेवलं असतं तरी बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच असती.

"मास्तरना संगे वैर कसाले?" वडील म्हणाले. "पुसी टाक तो बाण."

"बाबा, तुमच्या मिलमध्ये परत येतं का कापड?"

"येस ना. का नही येवाव?"

"मग ते कुठे लिहितात?"

ते जेवता जेवता थांबले. मग म्हणाले, "परत करानं काम मोजस कोन? सायेब इचारस, आज इतलंच का व्हयनं? आम्ही काय सांगूत."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. वीस वर्षं ते काम करत होते आणि दिवसाकाठी किती लॉट निघाले एवढंच त्यांच्या नावापुढे मांडलं जायचं. ज्या दिवशी दोन घाणे परत आले त्या दिवशी ते तितकेच तास उभे असत, तितकीच वाफ खात, आणि वर कामचोर ठरत. मला वाटत होतं, मी व्यापाऱ्याच्या फोनसाठी भांडते आहे. त्या ताटासमोर बसून माझ्या लक्षात आलं की त्या लाल बाणावर माझ्या बापाची अर्धी नोकरी चालली होती आणि ती कुणाच्याच कागदावर नव्हती.

"मी पुसणार नाही," मी म्हणाले.

वडील रागावले नाहीत. उठून हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

चार-पाच दिवसांनी शेठनी बोलावलं. केबिनमध्ये मॅनेजर होते, मास्टर होते आणि शहरातले प्रोग्रामवाले साहेबही आले होते, टाय लावून. माझी पट्टी टेबलावर मावेना, म्हणून तिचं एक टोक मॅनेजरना धरावं लागलं.

प्रोग्रामवाल्यांनी ती पाहिली आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "मेहनत घेतली आहे. पण हे अपवाद आहेत. चित्रात मुख्य प्रवाह दाखवायचा असतो, अपवाद घालत बसलो तर चित्र बिघडतं."

"जे रोज होतं त्याला अपवाद म्हणत नाहीत," मी म्हणाले.

"कशावरून रोज होतं?"

मला कारणं देत बसायचं नव्हतं. मी शेठकडे वळले. "शेठ, तुम्ही कुठलेही तीन लॉट सांगा. ते कुठे आहेत हे कॉम्प्युटर सांगेल आणि माझी वही सांगेल. मग खाली जाऊन बघू."

मॅनेजर म्हणाले, याची काही गरज नाही. शेठ मात्र उठलेच. ते जुने कापड-बाजारातले, गाठोडं खांद्यावर घेऊन सुरुवात केलेले. मालाला हात लावून बघायचं म्हटलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी तीन नंबर चिठ्ठीवर लिहिले.

पहिला लॉट कॉम्प्युटरच्या मते घडी खात्यात होता. वहीच्या मते त्याचे बारा ताके घडीत, बारा स्टेंटरवर आणि सहा परत रंगाईत. आम्ही सगळे खाली उतरलो. प्रोग्रामवाले साहेब पाण्यातून पाय उचलून चालत होते. बारा, बारा आणि सहा तिथेच होते. आबांनी त्या सहांची टोकं शेठपुढे धरली आणि आकडा दाखवला. शेठनी मास्टरकडे पाहिलं. मास्टर छताकडे पाहत होते.

दुसरा लॉट दोघांच्याही मते स्टेंटरवर होता आणि होताही.

तिसरा कॉम्प्युटरच्या मते ग्रे गोदामात. माझ्या वहीत तो रंगाईच्या रांगेत. आम्ही दोन्हीकडे पाहिलं, तो कुठेच नव्हता. मॅनेजरच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मग आबांनी हळूच सांगितलं, तो तर परवाच टेम्पोत चढवला. शेठनी मॅनेजरना विचारलं. मॅनेजर आधी आठवल्यासारखं करत राहिले, नंतर म्हणाले, आपलं मशीन बंद होतं म्हणून शेजारच्या मिलमध्ये रंगवायला दिला आहे, सांगायचं राहून गेलं.

म्हणजे माझं चित्रही अपुरं होतं. मी ते तिथल्या तिथे कबूल केलं आणि पट्टीच्या काठापर्यंत जाणारा, मिलबाहेर पडणारा आणखी एक बाण काढला. तोही लाल.

शेठनी मला शाबासकी दिली नाही. केबिनमध्ये परत आल्यावर म्हणाले, घाण्याचं वेगळं कार्ड चांगलं आहे, उद्यापासून करा. लाल बाणांबद्दल म्हणाले, "हे घरातलं आहे, घरात राहू दे. इथे व्यापारी येऊन बसतात."

"भिंतीवर लावू नका, शेठ," मी म्हणाले. "पण कॉम्प्युटरमध्ये पाहिजेच."

"बघू."

महिन्याभराने नवा प्रोग्राम आला, सोबत नवं चित्रही. चित्र माझंच होतं, रेघा सुबक, खाली त्यांच्या कंपनीचं नाव. नावाचं मला काही वाटलं नाही. लाल बाण मात्र गेले होते. त्यांच्या जागी कोपऱ्यात एक चौकट होती, 'विशेष प्रक्रिया'. तिच्यात कुठून येता येत नव्हतं आणि तिच्यातून कुठे जाता येत नव्हतं. स्क्रीनवर घाण्याच्या जागा आल्या होत्या, परतीची नव्हती.

मी मॅनेजरना जाऊन सांगितलं, परत जाणारा घाणा भरायची सोय होईपर्यंत रंगाईची एकही स्लिप मी भरणार नाही.

"मग तुमचं काम काय?" त्यांनी विचारलं.

"माल कुठे आहे ते सांगणं. ते मी सांगेन. खोटं भरणार नाही."

त्यांनी नोकरीची आठवण करून दिली. मी म्हणाले, काढायचं तर आज काढा, उद्यापर्यंत ताटकळत ठेवू नका. माझी जागा चालवेल असं त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण ते त्या दिवशी मला पुरेसं वाटत नव्हतं.

कॉम्प्युटरवर रंगाईचे सगळे लॉट अडकून पडले. मी स्लिपा नंबराप्रमाणे लावून ठेवत होते आणि वही लिहीत होते. फोन वाजायचे. पहिल्या दिवशी मॅनेजरनी स्क्रीन बघून उत्तरं दिली आणि व्यापाऱ्यांशी वाद घातले. दुसऱ्या दिवशी फोन घेणाऱ्या बाईने रिसीव्हरवर हात ठेवून मला खुणेने विचारलं, मी वहीत बघून सांगितलं. तिसऱ्या दिवशी व्यापारीच म्हणायला लागले, त्या वहीवाल्या बेनना विचारा. आठवडा संपताना मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. इकडेतिकडे पाहत म्हणाले, "बेन, तो पिवळा लॉट कुठे आहे?"

"दोन घाणे घडीत. तिसरा परत गेला आहे, उद्या दुपारपर्यंत निघेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रोग्रामवाल्यांना फोन लावला. मी ऐकत होते. ते म्हणाले, "भाई, त्या बेन म्हणतात ते टाकून द्या ना, माझं डोकं खातात लोक." पंधरा दिवसांत स्क्रीनवर एक नवी ओळ आली. 'परत'. पुढे कारण लिहायला जागा: पाणी, ग्रे, रंग, इतर. मास्टरांनी सांगितलेली शंभर कारणं चारांत बसवली होती, पण बसवली होती.

मास्टरांची नोकरी गेली नाही. उलट दोन-तीन महिन्यांनी त्यांनी माझ्याकडून छापील कागद मागून नेला आणि शेठपुढे ठेवला, की बघा, परत जाणारं सगळ्यात जास्त कापड एकाच व्यापाऱ्याच्या ग्रेचं आहे. तो व्यापारी मग आपलं ग्रे तपासून पाठवायला लागला. माझ्याशी ते शेवटपर्यंत तुटकच वागले. त्यांनी उधन्यात काही सांगितलं की नाही, मला कधी कळलं नाही. वडिलांना त्रास झाला नाही, किंवा झाला असला तर ते बोलले नाहीत.

रंगाईतल्या माणसांच्या नावापुढे आमच्याकडे परतीचे घाणेही मांडले जाऊ लागले. ते मी प्रोग्रामवाल्यांना विचारून केलं नाही. छापायच्या कागदावर एक रकाना वाढवला आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवलं. कुणी विचारलं नाही.

एका रविवारी वडील माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, आमच्या मिलचं काढ. ते सांगत गेले, मी काढत गेले. त्यांच्या मिलमध्ये मागे जाणारे बाण तीन निघाले. त्यांनी कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि सोमवारी आपल्या साहेबांना दाखवली.

संध्याकाळी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"फाडी टाकं त्यानी."

आई भाकरी थापायची थांबली. मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, सांगितलं होतं ना. ते पाटावर बसले, ताट पुढे ओढलं.

"दुसरं काढ," म्हणाले. "आनी यावेळी दोन काढ. एक घर ठेवूत."

मी दोन काढली. दुसरं चित्र त्यांनी साहेबांना दाखवलं नाही. आपल्या पाळीच्या माणसांना दाखवलं आणि त्या सगळ्यांनी मिळून परतीच्या घाण्यांची एक वही सुरू केली, मशीनमागच्या खिळ्याला टांगलेली. वडील निवृत्त झाले तेव्हा ती वही चालू होती. साहेबांनी ती कधी वाचली का, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, त्यांनी दोनदा फेकून दिली, आम्ही दोनदा नवी आणली.